द पोग्जचं पहिलं गाणं तुम्हाला कसं भेटलं?

'डार्क स्ट्रीट्स ऑफ लंडन', १९८४. बँडचा गायक शेन मॅकगोवन २०२३ च्या नोव्हेंबरात गेला, तेव्हापासून हा धागा काढायचा होता. आयरिश सूर आणि पंकचा धसमुसळेपणा एकत्र ऐकून तुमचं काय झालं, लिहा. सुरुवात मी करतो.

लंडनला शिकत असताना खोलीवर एक आयरिश मुलगा होता. त्याने ही सिंगल लावली. कव्हरवर बँडचं जुनं नाव, 'पोग महोन'. म्हणजे काय, विचारलं तर पठ्ठ्याने पाठ वळवून स्वतःच्या बुडाकडे बोट दाखवलं. आयरिशमध्ये 'मुका घे तिथला'! गेलिक कळणाऱ्यांनी बीबीसीकडे तक्रारी केल्या, मग नाव छाटून 'द पोग्ज' झालं. स्टिफ रेकॉर्ड्सने सिंगल पुन्हा काढली ती या सोज्वळ नावाने.

*

मी नर्स आहे, लंडनमध्येच. चाल नाचरी, म्हणून स्वयंपाक करताना लावायचे. एकदा शब्द नीट ऐकले. उन्हाळ्याचा पहिला दिवस आला की त्याला विजेचे झटके दिले ती जागा आठवते, असं म्हणतोय तो! पोळी तव्यावर करपली. मॅकगोवन तरुणपणी मनोरुग्णालयात राहिला होता, हे नंतर वाचलं.

*

सिंगलची मागची बाजू कोणीच कशी काढली नाही? एरिक बोगलचं, पहिल्या महायुद्धातल्या गलिपलीच्या लढाईवरचं गाणं आहे ते. पाय गमावून परतलेला ऑस्ट्रेलियन सैनिक. मी जुनी तबकडी मागवली तर विकणाऱ्याने नेमकी त्याच बाजूला चरा असलेली पाठवली. 'उत्तम स्थिती' म्हणे. सुई दर फेरीला टक्कन उडते. तरी मला पुढच्या बाजूपेक्षा हीच आवडते, भांडा हवं तर.

*

मी बासरी शिकलेय. बँडमधल्या स्पायडर स्टेसीची टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची छोटी पावरी, ऐकून एक मागवली. सहाच भोकं, येईल म्हटलं. कसलं काय! बासरीत फुंक ओठांनी घडवावी लागते, इथे चोच तयारच, पण जरा जोर झाला की सूर थेट वरच्या सप्तकात. हाच स्टेसी बिअरचा ट्रे डोक्यावर आपटूनही ताल धरायचा, ते मात्र मी करून बघितलेलं नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू दारात. "अगं, तुमचा कुकर किती वेळ शिट्या देतोय, बंद कर की!"