तीनदा कार्ब धुतलाय ना, आता मॅनिफोल्ड बघा

दादा, तुमची यामाहा आरएक्स १०० बाईक आयडलला (रेस न देता) थांबत नाही, मधेच रेस आपोआप वर जाते आणि तीनदा कार्ब (पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बुरेटर) साफ करूनही तेच, म्हणजे मला तरी कचऱ्यापेक्षा कुठूनतरी हवा ओढतेय असं वाटतं. कार्ब आणि सिलिंडरच्या मधलं रबरी मॅनिफोल्ड काढून अंगठ्याने वाकवून बघा, माझ्या गाडीचं वरून अगदी धड दिसत होतं, वाकवल्यावर केसासारखी चीर उघडली. खोलायच्या आधी गाडी चालू ठेवून त्या रबरावर थोडा कार्ब क्लीनर मारा, आवाज बदलला की समजा तिथेच गळतंय, फक्त तापलेल्या सायलेन्सरवर उडू देऊ नका, पेट घेतो. मॅनिफोल्ड चांगलं निघालं तर मॅग्नेटच्या (वीज बनवणाऱ्या भागाच्या) बाजूचं क्रँकचं, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याचं, ऑइल सील बघा, टू स्ट्रोकला तिथूनही हवा शिरते. स्पार्क प्लग पांढराफटक असेल, म्हणजे हवा जास्त नि पेट्रोल कमी जातंय, तर प्लीज तशीच पळवू नका, पिस्टन जाम होईल. आणि पायलट जेटमध्ये (आयडलला पेट्रोल सोडणारं कार्बमधलं बारीक भोकाचं पितळी जेट) तार घालू नका हो, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं, गळाची तंगूस घालून फुंकर मारली तरी पुरतं.