व्हॉल्यूमची खरखर आणि रिले: एकच कॉन्टॅक्ट क्लीनर चालेल का?

प्रश्न: जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा व्हॉल्यूम फिरवला की खरखर येते. शिवाय उजवा स्पीकर मधेच गप्प होतो, आवाज वाढवला की परत सुरू होतो. दोन्हीकडे एकच स्प्रे मारू का? घरात साधा डब्ल्यूडी-४० आहे.

उत्तर १: डब्ल्यूडी-४० नको. तो मागे तेलाचा थर ठेवतो आणि त्यावर धूळ बसते. (त्याच नावाचा कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो, तो वेगळा.)

व्हॉल्यूमच्या पॉटसाठी (नॉबमागचा फिरता रेझिस्टर) वंगण असलेला, प्लास्टिकला सुरक्षित असं डब्यावर लिहिलेला क्लीनर घ्या. नुसतं सॉल्व्हंट मारलं तर आतलं ग्रीस धुऊन जातं, नॉब सैल फिरतो आणि कार्बनचा ट्रॅक लवकर झिजतो. प्लग काढा, मोठे कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे भाग) डिस्चार्ज झालेत हे मीटरने बघा. पॉटच्या पिनांजवळच्या फटीत नळी घालून अर्धा सेकंद फवारा, तेवढं पुरे. लगेच नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत २०-३० वेळा फिरवा. खरी सफाई या घासण्यानेच होते. मग निदान अर्धा तास वाळू द्या. बरेच स्प्रे ज्वलनशील असतात, ओलं असताना चालू करू नका.

उत्तर २: आवाज वाढवल्यावर स्पीकर परत येतो, म्हणजे बहुतेक स्पीकर रिलेचे (स्पीकर जोडणारा-तोडणारा, विजेवर चालणारा स्विच) कॉन्टॅक्ट काळवंडलेत. तिथे वंगणवाला क्लीनर मुळीच नको: ठिणगीने तेल जळून कार्बन साचतो. सिलिकॉन तर त्याहून वाईट, ठिणगीत त्याची सिलिका होते आणि ती वीज वाहून नेत नाही.

रिलेचं झाकण निघत असेल तर साध्या कागदाची पट्टी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून कॉन्टॅक्टमध्ये धरा, हलकेच दाबून ओढा. काळा डाग उमटायचा थांबेपर्यंत नवी पट्टी घ्या, शेवटची कोरडी. पॉलिश पेपर लावू नका, वरचा मुलामा जातो. खड्डे पडले असतील तर सफाईत वेळ न घालवता रिले बदला. कॉइलचा व्होल्टेज आणि कॉन्टॅक्टचे अँपिअर तेच हवेत.

उत्तर ३: एक राहिलं. साफ करूनही दोन दिवसांत खरखर परतली तर पॉटवर डीसी (एकाच दिशेची वीज) येतोय का ते मोजा. तो अडवणारा कपलिंग कपॅसिटर गळत असेल, म्हणजे डीसी पुढे सोडत असेल, तर कितीही फवारा, फरक पडणार नाही.