पावती मिळाली तरी आधी पूररेषा बघा

'दीडशे चौरस मीटरच्या आतल्या प्लॉटवर घर बांधायला परवानगी लागत नाही, पैसे भरून पावती घेतली की पाया काढायचा' असं बरेच जण सांगतात, ते अर्धंच बरोबर आहे. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ती सवलत आहे, पण नकाशा परवानाधारक अभियंत्याच्या सहीचाच लागतो आणि पूररेषेचे नियम काही माफ होत नाहीत. आपल्याकडं पंचगंगा-कृष्णेच्या काठाला खरी गोम तिथंच आहे.

माझ्या थोरल्या भावानं शिरोळ तालुक्यात सव्वा गुंठा घेतला. कागद सगळे चोख. जागा निळ्या (नदीजवळच्या) आणि लाल (त्याबाहेरच्या, क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या) पूररेषेच्या मधली, हे मात्र अभियंत्यानं पाया खोदल्यावर सांगितलं! निळ्या रेषेच्या आत नवं घर बांधताच येत नाही. दोन्हींच्या मध्ये येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटीमीटर वर हवं. मग भराव, वाढीव काँक्रीट, घराला चढायला नऊ पायऱ्या. आई गुडघेदुखीची, तिला त्या रोज चढाव्या लागतात, ते बघून अजून जीव तुटतो. विसार देण्याआधीच पाटबंधारे खात्याच्या पूररेषा नकाशात गट नंबर शोधा. शेजाऱ्यांना २०१९ चं पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं तेही विचारा, ती खूण बरेच जण हाताने दाखवतात.