उत्तर: सेन्सरचा दिवा लागतो, पण रोबोटला इनपुट दिसत नाही

सेन्सर एनपीएन (आउटपुट ० व्होल्टला जोडणारा) असेल म्हणून बदलून पीएनपी (आउटपुटवर २४ व्होल्ट देणारा) लावा, हा आधीच्या उत्तरातला सल्ला चुकीचा नाही, पण खरेदीला निघण्याआधी ० व्होल्टची, म्हणजे परतीच्या तारेची, जोडणी तपासा. माझ्याकडे सेन्सर पीएनपी, इनपुट कार्डही त्याला जुळणारं, सेन्सरचा दिवा झकास लागायचा आणि पेंडंटवर (रोबोट चालवायच्या हातातल्या पॅनेलवर) इनपुट मात्र कायम बंद. अर्धा दिवस प्रोग्रॅम चाळण्यात गेला (आपण आधी तिथेच का शोधतो कोण जाणे). शेवटी कळलं की सेन्सरला वीज बाहेरच्या २४ व्होल्ट सप्लायवरून होती, आणि इनपुटचा कॉमन (इनपुटांचं परतीचं सामायिक टर्मिनल) कंट्रोलरच्या आतल्या सप्लायच्या ० व्होल्टला. दोन्ही ० व्होल्ट कुठेच जोडलेले नव्हते, म्हणजे करंटला परतीची वाटच नाही.

मीटरने फसवलं ते असं: काळं टोक मी बाहेरच्या सप्लायच्या ० व्होल्टवर धरत होतो, तिथे २४ व्होल्ट दिसणारच. मोजायचं ते इनपुट टर्मिनल आणि त्याच कार्डाचा कॉमन यांच्यामध्ये. टाइप १ इनपुट (२४ व्होल्ट इनपुटांचा आयईसी मानकातला एक प्रकार) १५ व्होल्टच्या वर 'चालू' आणि ५ च्या खाली 'बंद' धरतो, मधल्या पट्ट्यात भरवसा नाही.

दोन्ही सप्लायचे फक्त ० व्होल्ट जोडा, २४ चे टोक एकमेकांना जोडू नका. कार्डात गटागटाने वेगळे कॉमन असतील तर त्या गटाचा कॉमन थेट बाहेरच्या ० व्होल्टला नेणं जास्त बरं, आयसोलेशन (दोन्ही सप्लायचं विजेच्या दृष्टीने वेगळेपण) शाबूत राहतं. सेफ्टी इनपुटांना (इमर्जन्सी स्टॉप वगैरे) मात्र यातलं काही लावू नका, तिथे मॅन्युअलमधली आकृती जशीच्या तशी.