मदत हवी आहे: सेलमधलं कापड पारखायचं कसं?

मंडळी, कापडाच्या मोठ्या दुकानात सेल लागलाय, कटपीसचे नुसते ढीग पडलेत आणि प्रत्येक ढिगावर 'प्युअर कॉटन' लिहिलंय, जे मला काही पटत नाहीये. दोन दोरे काढून जाळून बघायचे हे माहितीय, म्हणजे कॉटन असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरडली जाते, पॉलिस्टर असेल तर वितळून कडक गोळी होते, पण दुकानात काडेपेटी कोण काढू देणार! आणि मिक्स असेल तर? हाताने चुरगाळून वगैरे ओळखणारं कोणी आहे का इथे?

दुसरं म्हणजे पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी. काही पीस ३६ इंची, काही ४४, आणि ५८ वाले बहुतेक शर्टिंगचे, तर गुडघ्याखालच्या, लांब बाह्यांच्या कुर्त्याला ३६ च्या पन्ह्यात किती मीटर धरू? कॉटन धुतल्यावर आटतं त्याचं मार्जिन वेगळं. कटपीस परत घेत नाहीत म्हणून आधीच विचारतेय.

आणि हो, घडीवर फिकट पट्टा पडलेला असतो तो धुऊन जातो का, की असे पीस सरळ अस्तरालाच घ्यावेत?