ब्लॅकी लाचार? अजिबात नाही!

रानवाट:
ग्रॅहम ग्रीनच्या 'द डिस्ट्रक्टर्स' या इंग्रजी कथेवर (1954) एकांनी लिहिलंय, 'नेतेपद गेल्यावर ब्लॅकी शेपूट घालून परत आला, लाचार कुठला.' डोकंच फिरलं. ब्लॅकी हा लंडनमधल्या पोरांच्या टोळीचा म्होरक्या. नवा आलेला टी. सुचवतो, म्हातारा थॉमस बाहेरगावी गेलाय तोवर त्याचं घर आतून पाडून टाकू. मतं टी.च्या बाजूने पडल्यावर ब्लॅकी कार पार्कच्या टोकाला जाऊन एकटाच दगड लाथाडत राहतो. घरी निघून जावं, टी.चं पितळ उघडं पडू द्यावं, हेही मनात येतं. परत येतो तो टोळीचं नाव लंडनभर व्हावं म्हणून. खरी कसोटी पुढे आहे. म्हातारा थॉमस अवेळी परततो, टी. गांगरतो आणि टोळीतला समर्स त्याला 'ट्रेव्हर' या खऱ्या नावाने हाक मारून घरी पिटाळतो. पोरं हसतील म्हणून जे नाव दडवलं, नेमकं तेच! एक हशा पिकला असता की टी. संपला होता. त्याआधीच ब्लॅकी समर्सला मागे ढकलतो. गादी परत मिळवायची हीच वेळ होती, ती त्याने सोडली. ही लाचारी?

सांजवेळ:
ते 'एकांनी' म्हणजे मी. शब्द मागे घेणार नाही. युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांतून तगलेलं ते घर, दोनशे वर्षांचा तो जिना. घरमालकाने याच पोरांना चॉकलेटं दिलेली. त्याला संडासात कोंडतात, वरून घर जमीनदोस्त करतात. गादीत लपवलेल्या सत्तर पौंडांच्या नोटा टी. आणि ब्लॅकी एकेक करून जाळतात. म्हाताऱ्याचा इतका राग आहे का, असं ब्लॅकी विचारतो, म्हणजे त्याला कळत होतं. कळूनही थांबला नाही. याला निष्ठा म्हणू?

पेठकर:
रानवाट, शंभर टक्के सहमत. आमच्या मंडळात हेच झालं. पंधरा वर्षं अध्यक्ष राहिलेल्या दादाला पोरांनी बाजूला सारलं, का तर डीजे नको म्हणाला. विसर्जनाच्या रात्री ऐन चौकात ट्रॅक्टर बंद पडला, नवा अध्यक्ष फोन बंद करून गायब. दादा पायात चप्पल न घालता धावत आला, गणपती खांद्यावर घेऊन पोरांना घाटापर्यंत नेलं. सकाळी हारतुरे नव्याला. दादा चकार शब्द बोलला नाही.

सांजवेळ:
पेठकर, मंडळाचा इथे काय संबंध?

खिडकीजवळ:
संबंध आहे, पण उलटा. आमच्याही मंडळात असा एक 'दादा' होता. नव्यांचा डीजे त्यानेच वाजू दिला, का तर 'मंडळाचं नाव खाली जायला नको'. समोरच्या घरात माझे वडील हार्टचे पेशंट. मी हात जोडून विनवलं त्याला. म्हणाला, 'ताई, मला पटत नाही, पण आता मुलांच्या विरोधात जाता येत नाही.' मंडळाशी एकनिष्ठच होता तो! भोगलं कुणी?

पेठकर:
आमच्या दादाला त्या माणसाच्या रांगेत बसवू नका. त्याने डीजेला विरोध केला म्हणूनच पद गेलं.

खिडकीजवळ:
विरोध केला, आणि पुन्हा त्यांच्याच मदतीला धावला. पुढच्या वर्षी डीजे बंद झाला का?

पेठकर:
नाही झाला. पण म्हणून रस्त्यात गणपती सोडून द्यायचा होता? मंडळात एक दिवस तरी राबलाय का तुम्ही?

खिडकीजवळ:
वर्गणी दिलीय दरवर्षी, भिंती हादरत असताना!

रानवाट:
दोघेही जरा थांबा. खिडकीजवळ, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. म्हातारा थॉमस माझ्या लिहिण्यातून सुटलाच, तेवढं सांजवेळ यांचं बरोबर. पण घर पाडायची कल्पना टी.ची, मत दिलं सगळ्यांनी, आणि शिव्या एकट्या ब्लॅकीला?

सांजवेळ:
कारण थांबवण्याची ताकद त्याच्या एकट्याकडे होती. समर्स 'पुरे झालं' म्हणत होता, तेव्हा ब्लॅकी गप्प उभा राहिला असता तरी घराचं उरलंसुरलं वाचलं असतं. 'लाचार' हा शब्द चुकला असेल, चला. माझ्या लेखी तो त्याहून वाईट ठरतो.

पेठकर:
आणि समर्स काय थॉमसच्या दयेपोटी बोलत होता? कंटाळला होता तो. आमच्याकडेही ट्रॅक्टर बंद पडल्यावर 'पुरे झालं' म्हणणारेच आधी घरी गेले.