लहानपणी मिलानमधे खाल्लेलं मऊ पांढरं चीज, नाव सांगू शकाल का कोणी?

निळी_छत्री: ८०च्या दशकात बाबांच्या नोकरीमुळे आम्ही मिलानला होतो, मी बालवाडीत. खालच्या मजल्यावरच्या आजी संध्याकाळी पावाला एक चीज फासून द्यायच्या. पांढरंशुभ्र, कागदात गुंडाळलेली चौकोनी वडी, साल अजिबात नाही, खरवसासारखं लुसलुशीत आणि जरा वेळ बाहेर राहिलं की बशीत पसरायला लागायचं. चव दुधाळ, मागून किंचित आंबट. मोझरेला, रिकोटा, मास्कारपोने सगळी खाऊन झाली, त्यातलं नाही. प्लीज सांगा, फार वर्षं शोधतेय.

भुकेला_वाटसरू: तालेज्जो का? तेही तिकडचंच आणि चौकोनी.

ताकपिठं: तालेज्जो नाही हो, त्याला तांबूस साल असते, निदान ३५ दिवस मुरवतात आणि वास चांगलाच उग्र. बेल पाएसे म्हणावं तर ते गोल आणि पिवळसर. ताई, तुमचं चीज क्रेशेन्त्सा आहे, मला तरी शंका नाही. दुकानात त्याच्यावर स्त्राक्कीनो असंही लिहिलेलं असतं. गायीचं सायीसकट दूध विरजण आणि रेनेट (दूध घट्ट करणारं एन्झाइम) घालून लावतात, घट्ट झालं की मोठे मोठे तुकडे करून चौकोनी साच्यात ओततात, दाबत नाहीत, त्यामुळे पाणी भरपूर राहतं आणि म्हणूनच ते पसरतं. आठवड्याभरात विकायलाच येतं, मग साल धरणार कधी!

भुकेला_वाटसरू: बरोबर वाटतंय. पण इटलीतल्याच रोमान्या भागाचं स्क्वाक्वेरोने पण असंच असतं ना, पियादिनात म्हणजे तिकडच्या पोळीत घालतात ते?

ताकपिठं: हो पण ते त्याहून पातळ, त्याची वडी उभीच राहत नाही. इथे वडी होती म्हणतायत.

निळी_छत्री: वाचता वाचता आईला फोन केला, स्त्राक्कीनो म्हटल्याबरोबर ती हो हो तेच म्हणाली!! खूप खूप आभार. पुढच्या महिन्यात बहीण मिलानला चाललीये, तिला आणायला सांगू का?

ताकपिठं: आणू नका, प्रवासात बिघडेल. तिला तिथेच खाऊ दे, कुठल्याही सुपरमार्केटात मिळेल, फक्त तारीख बघून ताजं घ्यायचं आणि फोडलं की दोन-तीन दिवसांत संपवायचं. जेनोआकडे जाणार असेल तर रेक्को गावी नक्की उतरायला सांगा, यीस्ट न घातलेल्या कणकेच्या दोन पातळ पोळ्यांमधे हेच चीज घालून फोकाच्चा भाजतात, गरम गरमच खायचा.